चंद्रावर जाण्यासाठी सरकारने पैसे का मोजावेत?

२१ नोव्हेंबर १९६२. व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी आणि नासाचे प्रमुख जेम्स वेब यांचा वाद चालला होता. वेब म्हणत होते, चंद्रावर माणूस उतरवणं हे आपल्या अनेक कामांपैकी एक आहे. विज्ञान, उपग्रह, ग्रहांचा अभ्यास हे सगळं बरोबरीने पुढे गेलं पाहिजे. केनेडींना ते मान्य नव्हतं. सगळा कार्यक्रम एकाच गोष्टीला बांधलेला हवा, रशियाच्या आधी चंद्रावर पोहोचायचं. तसं नसेल तर एवढा पैसा ओतण्यात अर्थ नाही, कारण मला अवकाशात तितकासा रस नाही, असं ते सरळ बोलून गेले. खोलीत ध्वनिमुद्रण चालू होतं. कित्येक वर्षांनी ते लोकांसमोर आलं.

याच केनेडींनी त्याआधी जेमतेम दोन महिने, ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात, चंद्रावर का जायचं यावर भाषण केलं होतं. ज्ञान, धाडस, अवघड आव्हान, मानवजातीचं नवं क्षितिज असं सगळं त्यात होतं. ते भाषण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण लोकांपुढे सांगायचं कारण एक आणि तिजोरी उघडणारं कारण दुसरं, ही गोष्ट या विषयात पहिल्या दिवसापासून आहे. नासाचे माजी प्रमुख मायकल ग्रिफिन यांनी २००७ मध्ये एका भाषणात हीच विभागणी मांडली होती : अवकाशात जाण्याची खरी कारणं वेगळी, आणि चारचौघांत मान्य होणारी कारणं वेगळी.

अवकाश संशोधनाला आणि पुढे जाऊन अवकाशातल्या वस्तीला सरकारने पैसा द्यावा, यासाठी आजवर कोणकोणते राजकीय युक्तिवाद झाले ते या लेखात सोपं करून सांगायचं आहे. त्यातले काही भक्कम आहेत, काही पोकळ आहेत. पण एक गोष्ट सगळ्यांना लागू पडते. ज्या कारणासाठी पैसा मंजूर होतो, त्या कारणाच्या मापाचंच यान बांधलं जातं. आणि ते कारण संपलं की कामही थांबतं.

भीती आणि प्रतिष्ठा

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तो गोळा स्वतः निरुपद्रवी होता. अमेरिकेची झोप उडवली ती त्याला वर नेणाऱ्या रॉकेटने, कारण उपग्रह कक्षेत ठेवू शकणारं रॉकेट अणुबाँबही खंड ओलांडून नेऊ शकतं. पुढच्याच वर्षी नासाची स्थापना झाली. १२ एप्रिल १९६१ ला सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याच महिन्यात क्यूबातल्या 'बे ऑफ पिग्ज'मध्ये अमेरिकेने घडवून आणलेली चढाई सपशेल फसली. २५ मे रोजी केनेडींनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, चंद्राचं लक्ष्य जाहीर केलं. तारखा अशा ओळीने मांडल्या की हेतू आपोआप दिसतो. आशिया-आफ्रिकेतले नवे स्वतंत्र देश बघत होते आणि कोणती व्यवस्था पुढे आहे हे त्यांना दाखवायचं होतं.

या युक्तिवादाची ताकद अफाट होती. १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला सुमारे ४.४ टक्के पैसा नासाकडे जात होता. आज तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. अपोलो या चंद्रमोहिमेवर सुमारे ४ लाख माणसं राबत होती. विशेष म्हणजे त्या दशकातल्या बऱ्याच जनमत चाचण्यांत निम्म्याहून अधिक लोकांना हा खर्च पटत नव्हता. लोकांचा उत्साह नव्हे, सत्ताधाऱ्यांची भीती हे सगळं पुढे रेटत होती.

आणि म्हणूनच ते तसं संपलं. जुलै १९६९ मध्ये शर्यत जिंकली. १९७० उजाडल्यावर ठरलेल्या मोहिमांपैकी तीन रद्द झाल्या, डिसेंबर १९७२ मध्ये शेवटचे दोन अंतराळवीर चंद्रावरून निघाले. बांधून तयार असलेली सॅटर्न रॉकेटं संग्रहालयात गेली. अपोलोची सगळी रचनाच 'लवकरात लवकर जा आणि परत या' अशी होती. तिथे राहण्यासाठी, पुन्हा पुन्हा जाण्यासाठी, स्वस्तात जाण्यासाठी ती केलेलीच नव्हती, कारण तसं कुणी मागितलं नव्हतं. चंद्रावर आपण टिकलो का नाही, असं आजही विचारलं जातं. त्याचं माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर तंत्रज्ञानात नाही, त्या १९६२ च्या खोलीत आहे.

गरिबांचा प्रश्न

अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, नागरी हक्क चळवळीतले नेते राल्फ अॅबरनाथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन प्रक्षेपण केंद्राबाहेर आले. माणसं उपाशी असताना चंद्रावर एवढा पैसा का, हा त्यांचा सवाल होता. नासाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. रॉकेटचं बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि काही कुटुंबांना उड्डाण पाहायला आतही बोलावलं.

या विषयावर लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याला दिली जाणारी नेहमीची दोन उत्तरं मला कमकुवत वाटतात. पहिलं, "पैसा अवकाशात नाही, पृथ्वीवरच खर्च होतो." खरं आहे, पण ते कुठल्याही खर्चाबद्दल म्हणता येतं. दुसरं, "यातून किती नव्या वस्तू मिळाल्या बघा." यात तर बरीच भेसळ आहे. टेफ्लॉनचा शोध १९३८ चा, म्हणजे नासाच्या जन्माआधीचा. वेल्क्रोही आधीचंच. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यात असतात तसे सीमॉस सेन्सर (प्रकाश टिपणाऱ्या चिप) १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत विकसित झाले, हे खरं. पण चांगला कॅमेराच हवा असेल तर थेट कॅमेऱ्याच्या संशोधनालाच पैसा का देऊ नये? जोडफायदा हा जोडफायदाच राहतो, मूळ कारण होऊ शकत नाही.

मला पटणारं उत्तर वेगळं आहे. अपोलोनंतर नासाचा वाटा घसरत १९७० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १ टक्क्यावर आला. वाचलेला पैसा कुणी गरिबांच्या नावाने वेगळा काढून ठेवला नाही. अर्थसंकल्प असा चालतच नाही. म्हणून एका खात्यातला पैसा काढला म्हणजे दुसऱ्यातला प्रश्न सुटतो हे गृहीत धरता येत नाही. तरीही अॅबरनाथींचा सवाल खोडून निघत नाही. उलट तो कसोटीचा दगड ठरतो. सामान्य माणसाचा पैसा घेताय, तर त्याच्या वाट्याला काय येणार ते सांगा. सांगण्यासारखं बरंच आहे, पण ते चंद्राच्या नव्हे, पृथ्वीच्या बाजूला आहे.

जे सगळ्यांचं, त्याचे पैसे कोण देणार?

अर्थशास्त्रात 'सार्वजनिक वस्तू' अशी एक कल्पना आहे. दीपस्तंभ उभारला की त्याचा उजेड पैसे देणाऱ्या जहाजालाही मिळतो आणि न देणाऱ्यालाही. एकाने तो पाहिला म्हणून दुसऱ्याचा उजेड कमी होत नाही. अशा गोष्टीला गिऱ्हाइकं जमवणं अवघड असतं, कारण फायदा सगळ्यांचा आणि म्हणून बिल कुणाचंच नाही. अवकाशातल्या कितीतरी उपयोगी गोष्टी नेमक्या अशा आहेत.

लँडसॅटची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १९७२ मध्ये अमेरिकेने जमिनीची छायाचित्रं घेणारा हा उपग्रह सोडला आणि मालिका सुरू झाली. १९८४ मध्ये कायदा करून हे काम खासगी हातात देण्याचं ठरलं. छायाचित्रं विकली जाऊ शकतात, मग करदात्यावर बोजा कशाला, असा विचार. एका छायाचित्राचा दर ४,००० डॉलरच्या वर गेला. विद्यापीठांना, छोट्या देशांना, पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना तो परवडेना. वापर आटला, धंदाही उभा राहिला नाही. १९९२ मध्ये नवा कायदा करून सरकारने मालिका परत घेतली. २००८ मध्ये तिचा सगळा साठा जगासाठी फुकट खुला झाला. आधी वर्षाला काही हजारांत जाणारी छायाचित्रं थोड्याच वर्षांत दहा लाखांच्या पुढे गेली. कुठलं जंगल कधी तुटलं, कुठली हिमनदी किती मागे सरली, कुठल्या नदीने पात्र बदललं, याची पन्नासहून अधिक वर्षांची सलग नोंद आज आपल्याकडे आहे. १९८० च्या दशकात ती तुटली असती तर नंतर कितीही पैसा ओतून ती भरून काढता आली नसती. १९८६ चा उन्हाळा पुन्हा टिपता येत नाही.

जीपीएसचंही तसंच. अमेरिकी लष्कराच्या पैशातून ही यंत्रणा उभी राहत होती. सप्टेंबर १९८३ मध्ये दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं, ते पाडलं गेलं आणि २६९ जण गेले. त्यानंतर रेगन सरकारने जाहीर केलं की ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली असेल. मे २००० मध्ये नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कमतरताही काढून टाकली. युरोपने गॅलिलिओ ही आपली यंत्रणा उभारायला घेतली तेव्हा खासगी कंपन्यांनी मोठा वाटा उचलावा अशी योजना होती. २००७ मध्ये ती बोलणी फिसकटली, आणि शेवटी युरोपीय संघाने सार्वजनिक पैशातूनच ती पूर्ण करायचं ठरवलं. कंपन्यांचा दोष नव्हता. जे अमेरिका फुकट देते, त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून कसे घेणार? युरोपला ते हवं होतं स्वातंत्र्यासाठी, दुसऱ्याने बटण बंद केलं तर आपण आंधळे होऊ नये म्हणून. आणि स्वातंत्र्य हीही सार्वजनिक वस्तूच.

याच वाटेने काही देश अवकाशाकडे वळले. विक्रम साराभाईंची भूमिका अशी होती की चंद्र-मंगळाच्या स्पर्धेत मोठ्या राष्ट्रांशी बरोबरी करणं हे भारताचं उद्दिष्ट नाही, प्रगत तंत्रज्ञान माणसांच्या प्रत्यक्ष प्रश्नांना लावण्यात मात्र आपण कुणाच्या मागे राहता कामा नये. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. दूरसंचार आणि हवामानाचे उपग्रह आधी, ग्रहांच्या मोहिमा पुष्कळ नंतर, हा क्रम त्या कारणातूनच आला.

आभाळातून येणारा दगड

सार्वजनिक वस्तूचं सर्वांत टोकाचं उदाहरण म्हणजे लघुग्रहांपासूनचं संरक्षण. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर रुंदीचा एक दगड वातावरणात फुटला. तो सूर्याच्या दिशेने आला होता, त्यामुळे कुठल्याही दुर्बिणीला आधी दिसला नाही. हजारो इमारतींच्या काचा फुटल्या आणि सुमारे १,५०० माणसांना उपचार घ्यावे लागले. २० मीटरच्या दगडाची ही कथा.

अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्ये नासाला काम दिलं : पृथ्वीजवळून जाणारे १४० मीटर आणि त्याहून मोठे लघुग्रह शोधा, २०२० पर्यंत ९० टक्के. ते झालं नाही. मुदत उलटून गेली तेव्हा निम्मेही सापडले नव्हते. कारण साधं होतं, काम दिलं पण पुरेसा पैसा दिला नाही. मधल्या काळात बी६१२ फाउंडेशन या बिगरसरकारी संस्थेने देणग्यांतून सेंटिनेल नावाची अवकाश दुर्बीण पाठवायचं ठरवलं. कल्पना उत्तम होती आणि माणसं जाणकार होती. त्यांना सुमारे ४५ कोटी डॉलर हवे होते, ते काही जमले नाहीत आणि प्रकल्प मिटला. सगळ्या जगाचा जीव वाचवणाऱ्या दुर्बिणीला देणगीदार मिळत नाहीत. यात माणसाच्या स्वार्थाचा प्रश्न नाही. प्रत्येकाला वाटतं, हे एवढं मोठं काम माझ्या एकट्याच्या खिशाचं नाही. बरोबरच वाटतं. म्हणून तर कर असतो. आता तेच काम निअर अर्थ ऑब्जेक्ट सर्व्हेयर ही दुर्बीण सरकारी पैशातून करणार आहे.

२६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट हे यान डिमॉर्फस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. हा दगड आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता. धडकेनंतर ही वेळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. ७३ सेकंदांचा फरक पडला असता तरी मोहीम यशस्वी म्हणायचं ठरलं होतं. माणसाने आकाशातल्या एका वस्तूची वाट जाणूनबुजून बदलली, आणि खर्च झाला सुमारे ३२ ते ३३ कोटी डॉलर. अवकाशावरच्या सरकारी खर्चाचं एकच समर्थन निवडायला मला कुणी सांगितलं तर मी हे निवडेन.

मतदारसंघ, मैत्री आणि गिऱ्हाईक

रोजगाराचा युक्तिवाद कुठल्याही भाषणात शेवटी येतो, पण मतदानात तोच सर्वांत आधी मोजला जातो. २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने नवं अवजड रॉकेट बांधायचा कायदा केला. स्पेस शटल या आधीच्या यानासाठीची कंत्राटं, कारखाने आणि कामगार शक्य तिथे वापरावेत असं त्यात लिहिलेलं होतं. त्यातून एसएलएस रॉकेट आलं. २०२२ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी सांगितलं की चंद्रावर पुन्हा माणूस नेण्याच्या आर्टेमिस मोहिमांपैकी पहिल्या काहींत एकेका उड्डाणाचा खर्च सुमारे ४.१ अब्ज डॉलर येईल. युरोपीय अवकाश संस्थेत तर जो देश जितका पैसा देतो, साधारण तितकंच काम त्याच्या उद्योगांना मिळतं, असा नियमच आहे. याने पाठिंबा टिकतो हे मान्य. पण रोजगार हेच उद्दिष्ट झालं की महाग असणं हा दोष उरत नाही.

मैत्रीच्या युक्तिवादाने मात्र एक मोठी गोष्ट वाचवली. जून १९९३ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नियोजित अवकाश स्थानक (आजचं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक) रद्द करण्याच्या ठरावावर मतदान झालं. २१५ विरुद्ध २१६, एका मताने स्थानक वाचलं. पुढच्या काही महिन्यांत रशियाला त्यात घेतलं गेलं. सोव्हिएत संघ कोसळला होता आणि पगार थकलेले क्षेपणास्त्रतज्ज्ञ भलत्याच देशांच्या नोकरीला लागू नयेत, ही मोठी चिंता होती. अवकाश स्थानक हे त्या चिंतेवरचं एक उत्तर झालं. त्याच वर्षी टेक्सासमध्ये अर्धवट खणलेला प्रचंड कणवेगक (सूक्ष्म कणांना अफाट वेग देऊन प्रयोग करण्याचं यंत्र) मात्र काँग्रेसने रद्द केला. २ नोव्हेंबर २००० पासून स्थानकावर सतत माणसं राहत आली आहेत, आणि २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावरही अमेरिकी आणि रशियन अंतराळवीर एकमेकांच्या यानांतून जात राहिले. ज्या कारणासाठी ते बांधलं, ते काम त्याने केलं. विज्ञान किती झालं यावर वाद घालता येईल.

तिसरा युक्तिवाद तुलनेने नवा आहे : सरकारने मालक न होता गिऱ्हाईक व्हावं. याचं मूळ जुनं आहे. १९२५ च्या केली कायद्याने अमेरिकेच्या टपाल खात्याने विमानाने पत्रं नेण्याची कंत्राटं खासगी कंपन्यांना दिली, आणि त्या पैशावर प्रवासी विमानसेवा उभ्या राहिल्या. २००६ मध्ये नासाने अवकाश स्थानकाला सामान पोहोचवण्यासाठी असाच कार्यक्रम सुरू केला. आधी कंत्राट असं असायचं की जो खर्च येईल तो सरकार देणार, वर ठरलेला नफा. आता रक्कम ठरलेली, टप्पा पूर्ण केला तर पैसे, उशीर झाला तर तोटा कंपनीचा. स्पेसएक्स या खासगी कंपनीचं पहिलं रॉकेट तीनदा कोसळून सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या वेळी वर गेलं. डिसेंबरमध्ये नासाने त्या कंपनीला १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. नासाने नंतर हिशोब केला तेव्हा दिसलं की तिच्या पुढच्या फाल्कन ९ सारखं रॉकेट जुन्या पद्धतीने बांधलं असतं तर सुमारे ४ अब्ज डॉलर लागले असते, कंपनीने ते साधारण दहाव्या हिश्शात केलं. म्हणून "हे सगळं खासगी कंपन्यांनी केलं, सरकार कशाला" हे वाक्य मला पटत नाही. पहिलं मोठं गिऱ्हाईक सरकार होतं, आणि दशकानुदशकांचं मूळ संशोधनही सरकारचंच. पण याची दुसरी बाजूही दिसू लागली आहे. एकच कंपनी फार पुढे गेली की सरकारच तिच्यावर अवलंबून राहतं.

आणि वस्ती?

इथवर संशोधनाचं झालं. माणसांनी पृथ्वीबाहेर कायमचं राहावं आणि त्याला सरकारने हातभार लावावा, हा पुढचा आणि अवघड दावा आहे. त्यामागे मुख्यतः दोन युक्तिवाद असतात.

पहिला विम्याचा. सगळी मानवजात एकाच ग्रहावर आहे, काही अघटित झालं तर सगळंच संपेल, म्हणून दुसरं घर हवं. ऐकायला बिनतोड वाटतं. पण ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांना संपवणारा लघुग्रह आदळल्यानंतरच्या भयंकर वर्षांतही पृथ्वीवर हवा होती, पाणी होतं, गुरुत्वाकर्षण होतं आणि सूर्याच्या घातक किरणांपासून आडोसा होता. मंगळावर यातलं काहीच पुरेसं नाही. पृथ्वी आजारी पडली तरी मंगळापेक्षा निरोगीच असेल. शिवाय स्वतःच्या पायावर उभी न राहिलेली वस्ती विमा ठरत नाही. पृथ्वीवरून येणारं सामान थांबलं की तीही थांबेल. त्यासाठी तिला औषधांपासून चिपपर्यंत सगळं बनवता आलं पाहिजे, म्हणजे फार मोठी लोकसंख्या आणि फार मोठा काळ. विम्याचा हप्ता भरायचाच असेल तर आधी त्या लघुग्रह शोधणाऱ्या दुर्बिणीचा भरावा.

दुसरा युक्तिवाद नव्या भूमीचा : नवी वस्ती म्हणजे नवी मोकळीक, नव्या व्यवस्थांचे प्रयोग. पृथ्वीवरच्या 'नव्या भूमी' बहुतेक ठिकाणी आधीपासून कुणाच्या तरी होत्या, हे यात सोयीस्करपणे विसरलं जातं. चंद्र-मंगळावर तसं कुणी नाही, हे खरं. पण जिथे श्वासाची हवासुद्धा यंत्रातून येते, तिथे ते यंत्र ज्याच्या ताब्यात तो राज्य करेल. रागावून चालू लागायला बाहेर जागाच नाही. अशा ठिकाणी नागरिकांचे हक्क कसे जपायचे, याचा विचार पहिल्या झडपेचं डिझाइन करतानाच करावा लागेल.

तुलना करायची तर अंटार्क्टिकाशी करावी. तिथे हवा फुकट आहे आणि जहाजाने जाता येतं. तरी १९५९ च्या अंटार्क्टिका करारानंतर इतक्या वर्षांत तिथे गावं वसली नाहीत. आहेत ती सरकारांनी चालवलेली संशोधन केंद्रं. अर्जेंटिनाने तिथल्या आपल्या तळावर मुद्दाम कुटुंबं पाठवली आणि १९७८ मध्ये तिथे एक मूलही जन्मलं. हेतू उघड होता, माणसं राहतात म्हणजे जागा आमची, असं दाखवणं. दुर्गम जागी सरकार माणसं वसवतं तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

मग सरकारने वस्तीसाठी काहीच करू नये का? मला तसं वाटत नाही. वस्ती शक्य आहे का, हेच अजून आपल्याला माहीत नाही, आणि ते शोधणं हे सार्वजनिक काम आहे. चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकं, मंगळावरचं ३८ टक्के. चंद्राच्या अशा कमी ओढीत माणूस तीन दिवसांहून थोडाच जास्त राहिला आहे, तोही १९७२ मध्ये. त्यात हाडं वर्षानुवर्षं टिकतात का, गर्भ वाढतो का, यावर कुणाकडेही उत्तर नाही. बंद जागेत हवा-पाण्याचं चक्र चालवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अॅरिझोनातला बायोस्फिअर २. १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांवर घसरला आणि बाहेरून भरावा लागला. मातीतल्या जिवाणूंनी तो खाल्ला, आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषून घेतला म्हणून कारण लवकर कळलंच नाही. एका धनिकाच्या पैशातून झालेला तो प्रयोग लोकांनी फसला म्हणून सोडून दिला. मला तो फार मोलाचा वाटतो. असे दहा प्रयोग पृथ्वीवरच, सावकाश, सार्वजनिक पैशातून आणि निष्कर्ष सगळ्यांना खुले ठेवून व्हायला हवे होते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने मानवी अवकाश प्रवासाच्या कारणांचा लांबलचक आढावा घेतला. कुठलंही एक कारण एकट्याने हा खर्च पेलू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकांक्षेची आणि व्यवहाराची कारणं एकत्रच धरावी लागतात.

शिवाय सरकार यातून बाहेर राहूच शकत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं दुसरं कलम सांगतं की चंद्र किंवा कुठल्याही खगोलावर कुठल्याच राष्ट्राला मालकी सांगता येणार नाही. सहावं कलम सांगतं की खासगी कंपनी तिथे जे करेल त्याची जबाबदारी तिच्या देशाची, त्यासाठी परवानगी देणं आणि सतत देखरेख ठेवणंही देशानेच करायचं. म्हणजे उद्या एखाद्या कंपनीने मंगळावर घरं बांधली, तरी कायद्याच्या नजरेत त्यामागे कुठलं तरी सरकार उभं असेल. जमिनीची मालकी नाही, पण खणून काढलेल्या मालाचं काय? अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेम्बर्गने २०१७ मध्ये कायदे करून त्यावर कंपन्यांचा हक्क मान्य केला. बऱ्याच देशांना हे अजून पटलेलं नाही.

हा वाद पुस्तकी राहणार नाही. चंद्राच्या ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत ऊन पडलेलं नाही आणि तिथे बर्फ आहे. २००९ मध्ये नासाने एलक्रॉस मोहिमेत दक्षिण ध्रुवाजवळच्या अशा एका विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला आणि उडालेल्या धुळीत पाणी सापडलं. त्याच परिसरात काही मोजक्या उंचवट्यांवर वर्षातला बराचसा काळ ऊन असतं. पाणी आणि वीज जवळजवळ, अशा जागा चंद्रावर फार थोड्या आहेत. एकीकडे अमेरिका आणि आर्टेमिस करारावर सह्या केलेले देश तिकडे निघालेत, दुसरीकडे चीन आणि रशिया यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेलं संशोधन केंद्रही त्याच भागात व्हायचं आहे. नासाला चीनशी थेट सहकार्य करायला २०११ पासून अमेरिकी कायद्याने जवळजवळ मनाई आहे. १९६७ च्या कराराच्या नवव्या कलमात याबद्दल ढोबळच लिहिलंय की एकमेकांच्या हिताचा योग्य विचार करावा आणि अडथळा येण्याची शक्यता असेल तर आधी सल्लामसलत करावी. एकाच्या तळापासून दुसऱ्याने किती अंतरावर उतरायचं, इंजिनाने उडवलेली धूळ कुणाच्या सौरपट्ट्यांवर बसली तर काय, एकाच विवरातला बर्फ दोघांनी कसा वाटून घ्यायचा, हे कुठेच ठरलेलं नाही. हे नियम पहिली वस्ती उभी राहण्याआधी सगळ्यांनी मिळून लिहायचे, की आधी पोहोचलेल्याने केलं तेच चालू ठेवायचं, हे सरकारांनाच ठरवायचं आहे. कुठल्याही कंपनीला ते ठरवता येणार नाही, आणि तिला ठरवू देऊही नये.